अर्धं सँडविच

“ट्रे दोन्ही हातांनी धर अन् जरा सावकाश चाल,” ढोमणेकाकूंनी मला बजावलं. “आम्हाला तिकडून पाहायचं आहे न.”

एवढं सांगून त्या तुरुतुरु आपल्या टेबलाकडे निघून गेल्या.

मी नागपूरच्या विमानतळावर खाण्याच्या काउंटरसमोर उभी होते. भर दुपारचे पावणेदोन. अंगावर आईची जांभळी रेशमी साडी, डोक्यात सकाळी माळलेला आणि आता पार मान टाकलेला गजरा. ट्रेमध्ये दोन समोसे, एक सँडविच आणि तीन कप कॉफी. काउंटरपासून टेबलापर्यंत तीसेक पावलं असतील. एका अंगाला सुरक्षा तपासणीची रांग, दुसऱ्या अंगाला ट्रॉलीवर पाय टाकून बसलेले प्रवासी. त्या सगळ्यांना करमणूक हवीच होती. रेशमी साडीतली एक बाई नजर खाली घालून, मोजून पावलं टाकत कॉफी घेऊन चालली आहे हे बघून एका लहान मुलीनं आपल्या आईला विचारलं की इथे लग्न आहे का. आईनं तिला गप्प केलं आणि मग स्वतःच टक लावून बघायला लागली.

लग्न नव्हतं. दाखवण्याचा कार्यक्रम होता, आणि दाखवायची वस्तू मी होते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तेव्हाही करत होते. थुंकी, लघवी, शौच, पू हे माझे रोजचे नमुने. झाकण उघडायचं, काचपट्टीवर घ्यायचं, रंग टाकायचा, बघायचं, लिहायचं. मध्ये हात धुऊन डबा खायचा आणि परत तेच. किळस पहिल्या महिन्यातच संपते, असं मी नव्या मुलींना सांगते. ते खरं नाही. मला आयुष्यात एकदा मनसोक्त किळस आली आहे, आणि तीही लख्ख पुसलेल्या फरशीच्या, गार हवेच्या त्या चकचकीत इमारतीत. त्याला आता सतरा-अठरा वर्षं झाली.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि माझी सात स्थळं होऊन गेली होती. पहिल्या पाचांनी मला नाकारलं. सहाव्याला मी रक्तगट विचारला. सातवा दर पाच मिनिटांनी पाणी मागत होता म्हणून मी त्याला विचारलं की साखर कधी तपासली आहे का. दोघंही कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही. माझं एकटीचं असतं तर मी सुखानं तशीच राहिले असते. पण माझ्या मागे धाकटी सोनल होती. तिचं हिंगणघाटच्या एका मुलाशी ठरल्यातच जमा होतं, आणि थोरलीचं ठरल्याशिवाय धाकटीचं करायचं नाही यावर बाबा अडून बसले होते. आमच्यात तशी पद्धतच आहे. त्या मुलाच्या आजीनं शेवटी निरोप धाडला की आम्ही अक्षय तृतीयेपर्यंत थांबू, त्यापुढे नाही. अक्षय तृतीयेला चार आठवडे राहिले होते.

आठवं स्थळ ढोमण्यांचं. मुलगा पराग, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नोकरीला. दहा दिवसांच्या सुट्टीत मुली बघायला आला होता आणि आमचा नंबर शेवटच्या दिवशी शेवटचा लागला होता. सकाळी अकराला ते वर्ध्याला आमच्या घरी येणार होते. आईनं पोहे भिजवले, शेजारून बशा आणल्या, खुर्च्यांना अभ्रे घातले. नऊ वाजता काकूंचा फोन आला. परागचं सामान आवरून झालं नाही, तेव्हा आता तुम्हीच विमानतळावर या. बॅगा देऊन झाल्या की तपासणीला आत जाईपर्यंत तासभर तो मोकळाच असतो. चहापाण्याचं काही आणू नका, तिथे सगळं मिळतं.

आईच्या गुडघ्याला सूज होती, तिला एसटीत चढणं शक्य नव्हतं. म्हणून बाबा आणि मी दोघंच निघालो. निघताना सोनलनं माझ्या साडीच्या निऱ्या नीट केल्या. ती माझ्याकडे बघत नव्हती. बसमध्ये सेलूपर्यंत बाबा खिडकीबाहेरची शेतं बघत होते. मग म्हणाले, “या खेपेस तू काही बोलू नको, बाई. मी सांभाळतो.”

“आणि त्यांनी काही विचारलं तर?”

“हो म्हणायचं. काहीही विचारलं तरी हो म्हण.”

मी हो म्हटलं.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. म्हणजे शेताच्या हद्दी मोजायच्या, खुणा ठोकायच्या आणि भावाभावांच्या भांडणात मध्ये उभं राहायचं. बत्तीस वर्षं त्यांनी कुठल्याही शेतकऱ्याच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही, कारण एकाकडे चहा घेतला की बांधापलीकडचा ते बघत असतो. घरून पाणी न्यायचे, भाकरी न्यायचे, झाडाखाली एकटे बसून खायचे. पुढे पुढे ती सवय त्यांच्या हाडात मुरली. लग्नाच्या पंगतीतही शेजाऱ्याचा हात आपल्या पानाला लागला तर जेवण संपल्याचं सांगून उठत. पाणी वरूनच प्यायचे, भांड्याला ओठ लागता कामा नये. आम्हा बहिणींनी लहानपणी अर्धा खाल्लेला पेरूही त्यांनी कधी तोंडात घातला नाही. आई त्यांना सोवळे म्हणून चिडवायची. ते सोवळं नव्हतं, दुसऱ्याच्या घासाचं त्यांना भयच बसलं होतं.

तेव्हा भेटायला येणाऱ्यांना खिडकीवर पास काढून तपासणीच्या रांगेपर्यंत आत जाता येत असे. आम्ही आत गेलो तेव्हा ढोमणे मंडळी टेबल धरून बसलेली होती. पराग तीन खुर्च्यांवर पसरला होता. एकीवर तो, एकीवर त्याची पाठीवरची बॅग, एकीवर पाय. ढोमणेसाहेब पाटबंधाऱ्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. मोठं पोट आणि बारीक आवाज. काकू लांबूनच मला न्याहाळत होत्या, भाजी घेताना देठ बघतात तसं.

बाबांनी नमस्कार केला आणि उभे राहिले. सगळेच एकमेकांकडे बघायला लागले, कारण आता पुढे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलीच्या घरी कार्यक्रम असला की सगळं ठरलेलं असतं. मुलीकडचे बसा म्हणतात, पाणी येतं, मग मुलगी पोहे घेऊन येते. इथे घर कुणाचं? मला वाटलं होतं की विमान त्यांचं, वेळ त्यांची, निदान कॉफी तरी ते विचारतील. काकूंनी निकाल लावला.

“तुम्ही मुलीकडचे, काळमेघभाऊ. यजमान तर तुम्हीच न. घर काय अन् विमानतळ काय.”

“हो, हो, बरोबर आहे,” बाबा म्हणाले आणि लगबगीनं काउंटरकडे गेले.

त्या तासाभरात ते किती वेळा गेले, मी सांगू शकत नाही. त्यांना आधी वाटलं की वेटर येईल. मग कळलं की रांगेत उभं राहून, पावती घेऊन, दुसऱ्या रांगेत उभं राहायचं. त्यांनी आणलेला चहा म्हणजे गरम पाणी आणि दोऱ्याला बांधलेली पुडी होती. साहेबांनी पुडी दोऱ्यानं वर उचलून टपटप गळताना सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले की हे मी पीत नाही. बाबा परत गेले. कॉफी आली, ती कोमट निघाली. बाबा परत गेले. पराग म्हणाला की आत विमानात काही धड मिळत नाही, इथेच पोट भरून घेतो. बाबा परत गेले. शेवटच्या वेळी काकू त्यांच्या मागोमाग उठल्या, मला बरोबर घेतलं आणि म्हणाल्या की आता मुलीनं आणायला पाहिजे, रीत म्हणून. तर अशी मी त्या काउंटरपुढे येऊन उभी होते.

मी तीस पावलं चालले. कॉफी सांडली नाही. टेबलावर ट्रे ठेवल्यावर काकू साहेबांना म्हणाल्या, “पाय बरोबर आहेत.” साहेबांनी मान डोलावली आणि समोसा उचलला.

माणूस खाताना कसा दिसतो हे मी कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. साहेब समोसा फोडायचे, आतला बटाटा बोटानं चाचपायचे आणि वाटाणे वेचून ताटलीच्या काठावर लावायचे. प्रत्येक वाटाणा आधी तोंडात जाऊन, चोखून मग बाहेर यायचा. पराग सँडविचवर तुटून पडला होता. चावताना त्याचं तोंड मिटत नव्हतं. आतली काकडी, हिरवी चटणी, पांढरा लगदा सगळं फिरताना दिसायचं. त्यातूनच तो मला प्रश्न विचारायचा. गाडी चालवता येते का, अंडं खाते का, तिकडे दोन वर्षं नोकरी करता येणार नाही, घरीच बसावं लागेल, चालेल ना. एक पावाचा चुरा उडून माझ्या साडीवर पडला. मी प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होते. अंडं मी खात नाही, तरी हो म्हटलं.

“लॅबमध्ये एक्झॅक्टली काय करता?” त्यानं विचारलं.

मी सांगितलं. थुंकी म्हटल्याबरोबर त्यानं चेहरा वाकडा केला. “प्लीज हं, मी खातोय.”

मला हसू आलं, पण मी दाबलं. माझ्या डब्यांना निदान झाकण असतं.

काकूंनी घरून कैरीच्या पन्ह्याची मोठी बाटली आणली होती. ती आत नेऊ देणार नाहीत असं परागनं सांगितल्यावर त्यांचा जीव खालीवर झाला. टाकायचं कसं, स्वतःच्या हातानं केलेलं. मग त्यांनी त्याला ती तिथेच संपवायला लावली. तो बाटली तोंडाला लावून घटाघटा प्यायला, मध्ये थांबून ढेकर दिली, पुन्हा तोंडाला लावली. पन्हं हनुवटीवरून गळ्यात उतरलं. तळाला चार बोटं राहिलं, तेव्हा काकूंनी बाटलीचं तोंड पदरानं पुसून ती बाबांपुढे धरली. घरचं आहे, घ्या. बाबांनी हात जोडले. पोटाचं कारण सांगितलं. मग ते साहेबांनी संपवलं.

एवढ्यात परागच्या कोपरानं ताटली हलली आणि चटणी त्याच्या बॅगेवर सांडली. नवी कोरी बॅग. काकूंनी ‘अगं बाई’ केलं आणि कुणीतरी काहीतरी करावं अशा नजरेनं सगळीकडे बघितलं. परागनं पाय तेवढे बाजूला घेतले. बाबांनी खिशातून धुवट रुमाल काढला, फरशीवर एक गुडघा टेकला आणि बॅग पुसायला लागले. चेनच्या दातांत चटणी गेली होती, ती रुमालाच्या टोकानं काढायला लागले. मोजणीची साखळी लावताना त्यांना मी तसं गुडघ्यावर बसलेलं पाहिलं होतं. तेव्हा अख्खं गाव त्यांच्या हाताकडे बघत असे. इथे पराग मोबाइलकडे बघत होता.

मी उठले. बाबांनी खालूनच मला डोळ्यांनी बसवलं.

त्या क्षणी मला ढोमण्यांची किळस आली हे खरं आहे, पण मी खोटं कशाला बोलू, बाबांचीही आली. बत्तीस वर्षं ज्या माणसाला कुणी अर्धा कप चहानं मिंधं करू शकलं नाही, तो इथे एका पोरसवदा माणसाच्या बुटांजवळ वाकून चटणी वेचत होता. आणि ते माझ्यासाठी होतं, म्हणून मला माझीही आली. साडी अंगाला चिकटली होती, गजऱ्याचा आंबूस वास नाकात जात होता, आणि काउंटरवरून शिळ्या तेलाचा वास येत होता. मला वाटलं आता इथेच ओकारी होईल आणि सगळे प्रश्न सुटतील. तसं काही झालं नाही.

परागच्या विमानाची घोषणा झाली. तो उठला. हातातलं सँडविच अर्धं राहिलं होतं, ते ताटलीत टाकलं. दातांची कमान तशीच्या तशी पावावर उठली होती आणि कडेनं थुंकीनं ओलं झालं होतं. त्यानं आईवडिलांना वाकून नमस्कार केला, बाबांना हात हलवला, मला म्हणाला, “ओके, आई कळवेल.” आणि रांगेत जाऊन उभा राहिला. त्याचा पट्टा, पाकीट, बूट सगळं ट्रेमध्ये जाऊन, तो कमानीतून पलीकडे जाऊन दिसेनासा होईपर्यंत काकू पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. आई ती आईच, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

परत आल्यावर त्या खुर्चीत बसल्या, डोळे पुसले, आणि परागची ताटली उचलून माझ्यासमोर ठेवली.

“अन्न टाकू नये,” त्या म्हणाल्या. “घे.”

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं की ताटल्या गोळा करायला सांगतात. मी तसं करायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

“तसं नाही, सुषमा. आमच्या घरात नवी सून पहिला घास नवऱ्याच्या ताटातला खाते. मीही खाल्लेला आहे. तू मला पसंत आहेस, मी परागला रांगेतच सांगितलं, तो हो म्हणाला. आता तुझ्या मनात काय आहे ते मी तोंडानं विचारत नाही. एवढं खाल्लं म्हणजे मला समजलं.”

साहेबांनी कानातून टूथपिक काढली आणि कौतुकानं माझ्याकडे बघायला लागले. शेजारच्या टेबलावरची ती लहान मुलगी आणि तिची आईसुद्धा बघत होत्या. मी बाबांकडे बघितलं नाही. अर्ध्या सँडविचकडे बघत राहिले. नेमका विचार काय आला ते सांगते. सोनल निऱ्या करताना खाली बसली होती ते आलं, हिंगणघाटची आजी आली, पोह्यांच्या बशा शेजारी परत द्यायच्या आहेत हे आलं. हा एक घास, आणि सगळं मार्गी. त्यानंतरचं मला नीटसं आठवत नाही. एवढं आठवतं की बाबांचा हात मध्ये आडवा आला.

त्यांनी ते सँडविच उचललं आणि खाल्लं.

दाताच्या खुणेच्याच बाजूनं खाल्लं. तुकडा करून नाही, झटकून नाही. एक घास, दुसरा घास, तिसरा घास. त्यांच्या गळ्याची गाठ वर गेली आणि तिथेच अडकून राहिली. डोळ्यांत पाणी आलं. तरी त्यांनी गिळलं. मग बोटांना लागलेली चटणीसुद्धा त्यांनी चाटून घेतली आणि म्हणाले, “सकाळपासून उपाशी होतो, ताई. राहवलं नाही.”

काकूंनी रिकामी ताटली आपल्याकडे ओढली. साहेब मात्र पोट हलवत हसले.

“मग काय, काळमेघ,” ते म्हणाले, “पोराचं तुमच्याशीच लावून द्यायचं का?”

बाबाही हसले. हात जोडून, आमची बस आहे, असं म्हणाले आणि मला घेऊन बाहेर पडले.

विमानतळाबाहेर वर्धा रोडवर बस थांबते. तिथे तेव्हा एक रोपवाटिका होती आणि तिच्या फाटकाशी नळ होता. बाबांनी नळाशी बसून दहा-बारा चुळा भरल्या. मग घशात बोट घातलं. सगळं बाहेर पडलं. पुन्हा चुळा भरल्या, तोंडावर पाणी मारलं आणि रुमाल काढला. तो चटणीनं हिरवा झालेला बघून नालीत फेकून दिला. मी पाठीवरून हात फिरवत होते. मला खूप रडू येत होतं आणि खूप बरंही वाटत होतं.

त्यांचा फोन वाजला. काकूच होत्या. आवाज मोठा असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. मघाचं झालं गेलं सोडून देऊ, मुलगी पसंत आहे, परागला रजा दिवाळीत मिळेल तेव्हा बार उडवू, तुम्ही आठवडाभरात या म्हणजे याद्या करून टाकू.

“ताई,” बाबा म्हणाले, “आमच्याकडून नाही आहे.”

मग काकूंनी विचारलं की मुलीचं वय तरी पाहिलं का.

“पाहिलं,” बाबा म्हणाले आणि फोन बंद करून खिशात ठेवला.

रस्त्यावरून ट्रक जात होते, ऊन मी म्हणत होतं. बाबा म्हणाले की उद्या सकाळी मी हिंगणघाटला जातो, आजीशी बोलतो. थोरली थांबली तरी धाकटीचं करायचं. लोक बोलतील ते बोलोत. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघावं म्हणून आईनं दोन वर्षं डोकेफोड केली होती. ते त्यांनी त्या नळाशी उभं राहून सहज सांगून टाकलं.

लॅबमधल्या मुलींना ही गोष्ट सांगताना मी इथे थांबते. सोनलचं अक्षय तृतीयेलाच झालं, माझं तीन वर्षांनी, दाखवण्याबिखवण्याशिवाय, हेही सांगते. मुली ढोमणेकाकूंना शिव्या घालतात, बाबांचं कौतुक करतात, आणि माझंही करतात. ताई, तुम्ही तोंड कसं फिरवलं असेल ते डोळ्यांसमोर येतं, असं एक जण म्हणाली होती. मी तिला काही सांगितलं नाही.

त्या दिवशी नळाशी माझी जीभ मोकळी सुटली होती. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मी ढोमण्यांच्या सात पिढ्या काढल्या. त्या साहेबांचे चोखलेले वाटाणे काढले, पराग कसा चावतो त्याची नक्कल केली. आणि म्हटलं, “तुम्ही कशाला खाल्लं, बाबा? मी काय खाणार होते का ते? मी तर हातही लावला नसता.”

बाबा नळ बंद करत होते. ते थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“तू हात समोर केला होता, बाई,” ते म्हणाले. “उचललं होतं तू. मी तुझ्या हातातून घेतलं.”

मी माझा उजवा हात वर केला. अंगठ्याच्या आणि त्याच्याजवळच्या बोटाच्या पेरांवर हिरवी चटणी वाळून बसली होती. पावाचा एक ओला तुकडाही नखात होता.

बाबांनी नळ पुन्हा सोडला आणि बाजूला झाले. मी खाली बसून हात धुतले. चटणी लगेच निघाली. तरी मी घासत राहिले, इतका वेळ की वर्ध्याची बस आली तेव्हा बाबांना रस्त्यात पुढे जाऊन, हात करून ती थांबवून ठेवावी लागली.